ओळखीचा आवाज आल्यास

"सतरा आणि चौतीस एकच बाई आहे," नोंदी पडताळणाऱ्या आकडेबाई म्हणाल्या आणि त्यांनी हातातला कागद त्याच्या कपाजवळ सरकवला. "दोन्ही वेळा तुम्ही तीन दिलेत. कान म्हणजे कान आहे तुमचा. पण ही जुनी नोंद बघा, तेरा वर्षांपूर्वीची. तीच फीत, तीच बाई, आणि तुमचा आकडा एक." त्यांचा सूर तक्रारीचा नव्हता. उलट, गंमत सापडल्यासारख्या त्या हसत होत्या. ऐकणाऱ्यांचे कान तपासायला पुन्हा वाजवलेल्या चाळीस वेगवेगळ्या जुन्या आवाजांत त्याचे एकोणचाळीस आकडे तेव्हाचे आणि आत्ताचे तंतोतंत जुळले होते आणि हा एकच घसरला होता. बाकीच्यांचे सात-आठ तरी घसरतात. "शेऱ्यात 'सावली' लिहू ना?" त्यांनी विचारलं. चहाचा घोट त्याच्या तोंडातच राहिला होता. तो गिळून तो म्हणाला, "आज नका लिहू. सोमवारी सांगतो." आकडेबाईंनी खांदे उडवले. त्यांना काय, आकडा जुळला काय आणि नाही काय, रकाना भरला म्हणजे झालं. त्या गेल्यावर मात्र त्याने कप बाजूला सारला आणि तो कागद जवळ ओढला.

इस्पितळाच्या तिसऱ्या मजल्यावर जिन्याच्या टोकाला ही खोली होती. भिंतींना जाड फोम, एकच खिडकी आणि तीही कायमची बंद. आत तीन खुर्च्या, तिन्हींची तोंडं भिंतीकडे, कारण एकाची भुवई वर गेलेली दुसऱ्याला दिसली की दुसऱ्याचा आकडाही वर जातो. इथे बसून बिघडलेले आवाज ऐकायचे आणि त्यांना आकडा द्यायचा, हे काम. बसलेले, घोगरे, चिरके, नुसती हवा जाणारे, ताणून ताणून सुतळीसारखे झालेले. निकोप असेल तर शून्य, थोडा बिघाड एक, बराच दोन, फार असेल तर तीन. माणूस दिसत नाही, नाव कळत नाही, वय कळत नाही. फितीवर आधी एक लांब 'आ', दम टिकेल तितका. मग सकाळच्या हवेबद्दलचा ठरलेला उतारा, जो त्याला आता झोपेतही म्हणता आला असता. मग एक ते वीस आकडे. तिघांनी आपापल्या कागदावर पेन्सिलीने आकडा लिहायचा आणि तिघांतला मधला खरा धरायचा. घशात आरसा घालून डॉक्टर काय ते बघतातच, पण माणसाचा आवाज दुसऱ्या माणसाला कसा लागतो हे आरशाला दिसत नाही, म्हणून ही तीन माणसं. सगळ्या खात्यात त्याला कानसेन म्हणत. घरी बायको म्हणे, "अहो कानसेन, मी काय बोलतेय ते ऐकताय, की नुसता आवाज ऐकताय?" आणि तो हसून वेळ मारून नेई, कारण पुष्कळदा तो खरंच नुसता आवाज ऐकत असे.

आणि सावली म्हणजे आधीच्या आवाजाची पुढच्यावर पडते ती. गोड खाऊन चहा प्यायला की चहा अगोड लागतो, तसंच हे. फार भयंकर आवाजानंतर मध्यम बिघडलेला आवाज बरा वाटून जातो. नव्या माणसांना तो पहिल्याच दिवशी हे शिकवी आणि शिकवताना प्रत्येक वेळी त्याला सतरा नंबरची आठवण येई, जी तेव्हा सतरा नंबर नव्हती. तेरा वर्षं तो त्या सावलीत निवांत बसून होता. त्या दिवशी तिच्या आधी एक पुरुष होता, अर्धा घसा कापून काढलेला, ज्याचा 'आ' म्हणजे पायाखाली वाळू चुरडावी तसा आवाज. त्याच्यानंतर कुणाचाही आवाज बराच वाटणार, आपण तरी काय करणार, माणूसच आहोत. असं तो स्वतःला सांगत आला होता आणि सांगता सांगता ते खरंही वाटू लागलं होतं. पण आकडेबाईंनी फितींची उलटापालट केली होती. सतरा म्हणून ती आली तेव्हा तिच्या आधी तोच अर्ध्या घशाचा माणूस होता. चौतीस म्हणून आली तेव्हा आधी एक तरुण, लख्ख आवाजाची मुलगी होती. दोन्ही वेळा त्याच्या पेन्सिलीने बिनदिक्कत तीन लिहिले. एक आकडा सावलीतला, एक उन्हातला, आणि दोन्ही सारखेच. आता बसायला जागा राहिली नव्हती.

कारण त्याने तेव्हाही तीनच ऐकले होते. आणि तेव्हाही तो आवाज ओळखला होता. आवाज सुरू व्हायच्या आधीच ओळखला होता. 'आ' म्हणण्यापूर्वी माणूस श्वास घेतो, तो श्वास. नाकाने एक छोटा, जरा थांबून तोंडाने मोठा. असा दोन हप्त्यांतला श्वास घेणारी एकच बाई त्याला ठाऊक होती आणि ती त्याची वहिनी होती. तो दहा वर्षांचा असताना ती घरात आली. आई जाऊन सव्वा वर्ष झालं होतं. दादा तिच्याहून दोन वर्षांनी मोठा आणि अबोल, आणि घरात हा एक हट्टी, नखं खाणारा मुलगा. पहिल्याच दिवशी ती त्याच्यापुढे वाकून म्हणाली, "काय भावोजी, आमच्याशी बोलणार की नाही?" दहा वर्षांच्या पोराला भावोजी! तो लाजून कपाटामागे पळाला होता. मग संध्याकाळी खेळायला गेला की ती खिडकीत उभी राहून हाक मारी. तीन गल्ल्यांपलीकडे ऐकू जाई अशी हाक, आणि त्या हाकेच्या आधी तो दोन हप्त्यांतला श्वास. तो आपल्याला ऐकू येत होता असं त्याला अजून वाटतं. तीन गल्ल्यांपलीकडून श्वास ऐकू येत नाही हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार. पण वाटतं.

ती शाळेत शिकवी. पहिली-दुसरीचे वर्ग, पन्नास-पन्नास पोरं, शेजारी सुतारकामाची खोली. बत्तीस वर्षं त्या करवतीच्या वर आवाज चढवून चढवून तिचा घसा गेला. नियम होता की घशाच्या तपासात मधला आकडा दोन किंवा त्याहून वर आला, तर शिक्षकाला वर्गातून मोकळं करून कचेरीत टेबलाचं काम द्यायचं. तिने अर्ज केला होता हे त्याला ठाऊक होतं. तिनेच सांगितलं होतं, आणि वर हसून म्हणाली होती, "तुझ्या इस्पितळात येणार आहे हो. पण तुझ्याकडे नको, लोक म्हणतील दिराने सोडवली." ती गमतीने म्हणाली होती. तिला काय कल्पना, की त्या एका गमतीच्या वाक्यावर तो पुढे सगळा भार टाकणार आहे.

खोलीच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला आहे. पाचवं कलम: ओळखीचा आवाज आल्यास हेडफोन काढून ठेवावा व रकान्यात 'ओळख' असे लिहावे. एवढंच करायचं होतं. चार अक्षरांचाही शब्द नाही. मग दुसरा कुणी ऐकणारा बसला असता, फार तर महिनाभर उशीर झाला असता. त्याने का नाही लिहिलं? त्याच आठवड्यात एका व्याख्यानात तो म्हणाला होता, "माझ्या कानाला नातं कळत नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या आणि त्याला त्या फार आवडल्या होत्या. खरं तर इतकंच. बाकीची कारणं त्याने मागाहून गोळा केली. तिचा 'आ' साडेचार सेकंदांत फाटला. उताऱ्यात ती दर तीन शब्दांनी अडली. आकडे मोजताना बाराच्या पुढे नुसती हवा, पण ती थांबली नाही. विसाला पोचल्यावरही पोरं मागून म्हणताहेत की काय हे पाहण्यासाठी थांबावं तशी थांबली. त्याने तीन लिहिले. मग त्याच्या मनात आलं, हे तीन आवाजाचे की वहिनीचे? त्याने खोडलं. दोन लिहिले. पण दोनातही थोडी वहिनी उरली असेल तर? माया कुठे किती शिरली आहे हे मोजायला माप नाही, तेव्हा थोडं जास्तच वजा केलेलं बरं. त्याने पुन्हा खोडलं आणि एक लिहिला, आणि छाती कशी हलकी झाली. बावनकशी माणूस! उरलेल्या दोघांनी काय लिहिलं ते संध्याकाळी कळलं. एकाने दोन, एकाने एक. याने पहिला आकडा राहू दिला असता तर मधला आला असता दोन, आणि वहिनी वर्गातून सुटली असती. आता मधला आला एक.

निकाल घेऊन ती त्याच्याच घरी आली होती, पेढे द्यायला आल्यासारखी. "चला, म्हणजे अजून चालतोय म्हणायचा!" घोगरं हसत ती म्हणाली. आणि तो काय म्हणाला? तो म्हणाला, "वहिनी, पाणी पीत जा. वाफ घेत जा." हे वाक्य आठवलं की अजूनही, भर रस्त्यात असला तरी, तो डोळे मिटून घेतो. आपल्या तोंडातून निघालेल्या सगळ्या वाक्यांत त्याला ज्याची सर्वांत जास्त लाज वाटते ते हे, आणि त्यात वाईट असा एकही शब्द नाही. पुढे साडेपाच वर्षं ती शिकवत राहिली. आधी टाळ्या वाजवून, मग टेबलावर पट्टी आपटून, मग गळ्यात शिट्टी अडकवून. तिसऱ्या वर्षी एका सकाळी हजेरी घेताना आतून रक्त आलं. ते भरून आलं तेव्हा घशात व्रण राहिला, आणि त्यानंतर आवाज असा उरलाच नाही. उरली ती कुजबूज. तरी उरलेली अडीच वर्षं तिने फळ्यावर लिहून काढली. रजा घे म्हटलं की म्हणायची, "पोरं शांत बसतात रे. मी हळू बोलते म्हणून तीही हळू बोलतात." तो दर रविवारी जाई, फळं नेई, विजेचं बिल भरी, डॉक्टरांशी बोले. सगळे म्हणत, दीर असावा तर असा.

आणि दादा. चार वर्षांपूर्वी दादा इस्पितळात होता, याच इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. त्याला कमी ऐकू येई आणि शेवटी शेवटी डोळ्यांनीही दिसेनासं झालं होतं. वहिनी कानाशी वाकून बोले आणि दादा म्हणे, "काय? काय म्हणालीस?" पाटीवर लिहून दाखवायची सोय नव्हती. मग हा पलंगाच्या दुसऱ्या बाजूला बसून तिचं बोलणं मोठ्याने सांगू लागला. "दादा, ती म्हणतेय दोन घास खाऊन घ्या." "ती म्हणतेय, मुलीचा फोन आला होता." हे ठीक होतं. पण शेवटच्या दुपारी ती बरंच बोलली. लग्नानंतरच्या कुठल्याशा प्रवासाबद्दल, पावसात भिजलेल्या ट्रंकेबद्दल, एका भांडणाबद्दल ज्याची तिने तेव्हा माफी मागितली नव्हती. बोलता बोलता ती याच्याकडे बघे, सांग म्हणून. आणि याने, पन्नाशीच्या माणसाने, आजूबाजूच्या पलंगांवरचे रोगी ऐकताहेत याची पर्वा न करता, बायकोने नवऱ्याला सांगायच्या गोष्टी मोठमोठ्याने आपल्या भावाला सांगितल्या. "ती म्हणतेय, तेव्हा चूक माझीच होती." दादा हसला. त्याने हात पुढे केला तो आवाजाच्या दिशेने, म्हणजे याच्याकडे. वहिनीने तो मधूनच हातात घेतला. त्यानंतर दादा शुद्धीवर आला नाही. बायकोचा आवाज न ऐकता तो गेला, धाकट्या भावाचा ऐकून गेला. पाहणाऱ्यांना वाटलं, दिराने केवढी सेवा केली.

त्याने अर्ध्या दिवसाची रजा लिहिली आणि बस पकडली. बसमध्ये दोन बाया भांडत होत्या. त्यांतल्या एकीचा आवाज दोन, ताणाचा. त्याच्या कानाने आपण होऊन लिहून टाकलं आणि त्याला त्या कानाची किळस आली. वाटेत तो वाक्यं जुळवत होता. वहिनी, एक सांगायचं होतं. वहिनी, तुला आठवतं का तेव्हा. सगळी वाक्यं खोट्या चलनासारखी वाटत होती. एकदा असंही मनात आलं, की कशाला सांगायचं? सदुसष्ट वर्षांची बाई, जे झालं ते झालं. सांगून आपला घसा मोकळा होणार, तिचा थोडाच होणार आहे? हा विचार इतका शहाणा होता की तो पुढच्या थांब्यावर उतरायला उठलासुद्धा. पण मग त्याला कळलं, हीसुद्धा सावलीच. एक गेली की दुसरी शोधतोय. तो पुन्हा बसला.

दुपारची वेळ. ती खिडकीजवळच्या टेबलाशी बसून शेजारच्या मुलांच्या वह्या तपासत होती. तो अवेळी आलेला पाहून तिच्या भुवया वर गेल्या. बोलायचं असलं की ती आधी पंखा बंद करते, रेडिओ बंद करते, खिडकी ओढून घेते, म्हणजे एवढ्याशा आवाजाला वाट मिळते. तिने ते सगळं केलं आणि म्हणाली, "काय भावोजी, आज वाट चुकलात? बायकोने हाकललं की काय?" शब्द अगदी तसेच होते, चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वीचे. फक्त त्यांना आवाज नव्हता.

तो बसला नाही. बसलो तर फळांबद्दल, बिलाबद्दल बोलू, हे त्याला ठाऊक होतं. "वहिनी, तुझी तपासणी झाली होती ना, वर्गातून सुटायची," तो म्हणाला. "तो आकडा."

"हो. एक." ती हसली. "किती जुनं झालं ते! पण एक सांगू? मला तेव्हा वाईट नाही वाटलं. तू तिथे असतोस म्हणून आधी धाकधूक होती. पण आकडा कळल्यावर म्हटलं, हा तिथे नव्हता. असता तर त्याने पहिल्या श्वासाला ओळखलं असतं मला. कुणी परकी माणसं होती, त्यांना काय कळणार, असं म्हणून सोडून दिलं."

त्याने टेबलाची कड धरली. इतकी वर्षं त्याला वाटत होतं की तिच्यापासून त्याने एक आकडा लपवला आहे. त्या आकड्याभोवती तिने आपल्यापुरतं एक घर बांधून घेतलं होतं आणि ती त्यात सुखाने राहत होती, हे त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं. अजून गप्प बसता आलं असतं.

"मी होतो," तो म्हणाला.

ती त्याच्याकडे बघत राहिली. हातातलं लाल पेन तिने टोपण लावून ठेवलं. "मग ओळखलं नाहीस?" तिने विचारलं, आणि त्या कुजबुजीत इतकी आशा होती की त्याला वाटलं, हो म्हणावं. नाही ओळखलं, फार बिघडला होता तुझा आवाज, कसा ओळखणार. ते ऐकून ती दुखावेल आणि माफही करून टाकेल. आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्या कानाला नेमकं कळलं की समोरच्याला काय ऐकायचं आहे.

"ओळखलं," तो म्हणाला. "तीन लिहिले होते. दोनदा खोडलं. शेवटी एक केला. लोक म्हणतील... तूच म्हणाली होतीस, दिराने सोडवली म्हणतील."

"कुठले लोक?"

तो उत्तर द्यायला गेला. कुठले लोक? खोलीत तीन खुर्च्या होत्या, तिन्हींची तोंडं भिंतीकडे. फितीवर नाव नव्हतं. ही माझी वहिनी आहे हे त्या दोघांना ठाऊक नव्हतं, डॉक्टरांना नव्हतं, शिपायाला नव्हतं. तेरा वर्षं त्याने आपल्यामागे केवढी गर्दी उभी करून ठेवली होती, माना हलवणारी, टाळ्या वाजवणारी, कान टवकारलेली. आता वळून पाहिलं तर एक माणूस दिसेना.

"कोणीच नव्हतं," तो म्हणाला आणि त्याचा स्वतःचा आवाज फुटला. तो लहान पोरासारखा उभा राहून रडू लागला. रडताना त्याला वाटलं, ती आता उठेल. ती नेहमी उठायची. गुडघा फुटला तरी, नापास झाला तरी, खोटं बोललेलं उघडं पडलं तरी.

ती उठली नाही. समोरची वही तिने उगाच सरळ केली. मग म्हणाली, आणि ते ऐकायला त्याला रडणं थांबवून वाकावं लागलं, "बरोबर उत्तर लिहून मग खोडून चुकीचं लिहिणारी पोरं असायची वर्गात. भित्री. खोडलेलं स्पष्ट दिसायचं मला, खाली बरोबर लिहिलंय ते. जीव तुटायचा त्यांच्यासाठी. पण मार्क देता यायचे नाहीत रे."

तो थांबला. ती आणखी काही बोलेल म्हणून बराच वेळ थांबला. खिडकी बंद होती, पंखा बंद होता, खोलीत इतकी शांतता होती की तिने ओठ हलवले असते तरी त्याला ऐकू आलं असतं. पण ती बोलली नाही. आणि आजवर एवढं ऐकलेल्या त्याच्या कानांना कळलं, की हे तिचं गप्प राहणं घशामुळे नव्हतं.